देवयानीतला ढग आणि माझं लाल पेन

सिल्वासाला काय पाहिलंत, असं नाशकात परत आल्यापासून जो तो मला विचारतो. विचारताना बरेचजण गालातल्या गालात हसतात, कारण दारूबंदीच्या गुजरातला चिकटून असलेल्या त्या गावात लोक सहसा कशासाठी जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी खरं ते सांगते. दुसऱ्या दीर्घिकेतले चमकणारे वायूचे ढग बघायला गेले होते. त्यावर समोरचा माणूस विषय बदलतो. ते बरंच आहे. कारण 'मग दिसले का ढग?' असं कोणी विचारलं, तर सरळ उत्तर मला देता येणार नाही.

केतकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. सिल्वासाजवळ मसाटला एका धाग्याच्या कारखान्यात ती गुणवत्ता तपासणीच्या विभागात इंजिनिअर आहे. दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"मावशी, तुला आकाशातलं काही कळत नाही ना?"

"काही म्हणजे काही नाही."

"नक्की? ग्रह, तारे, कॅमेरा, काहीच नाही?"

"अगं, मी मराठी आणि इतिहास शिकवायचे. ध्रुव तारा कुठला ते सुद्धा विचारून सांगावं लागेल."

"मग तूच ये. अमावास्येच्या आधी ये."

अज्ञानाच्या जोरावर आलेलं असं आमंत्रण मला आयुष्यात दुसरं आलेलं नाही. मी बॅग भरली.

डोकमर्डी

पेठचा घाट आणि कपराड्याची वळणं यांबद्दल लिहीत नाही. ज्यांना बस लागते त्यांना ती माहीत आहेत आणि बाकीचे झोपतात. सिल्वासाच्या स्टँडवर मला घ्यायला केतकी नव्हती, संजय होता. संजय त्याच कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, शिरपूरकडचा, तिशी ओलांडलेला, घरी बायको आणि लहान मुलगी. पहिल्या पाच मिनिटांत तो रिक्षावाल्याशी गुजराती, फोनवर हिंदी आणि माझ्याशी खानदेशी वळणाचं मराठी बोलला, आणि या तिन्ही भाषांत त्याला सारखाच उत्साह होता.

"मॅडमची शिफ्ट आहे, म्हणून मी आलो. मावशी, तुमाले सांगितलं ना मॅडमनं? मी आन् मॅडम फोटोत पार्टनर आहे. निम्मे फोटो माझे. दुर्बिणीचं स्टँड बी मीच वेल्डिंग केलं."

"कशाचे फोटो?"

"देवयानीचे!"

हे कुणा मुलीबद्दल चाललं आहे की काय, अशी मला शंका आली. देवयानी ही दीर्घिका आहे, आपल्या आकाशगंगेची शेजारीण, आणि तिचा उजेड इथे पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात, हे मला त्याने रिक्षातच समजावलं. शेजार इतका लांबचा कसा, हे मात्र समजावलं नाही.

सिल्वासातल्याच डोकमर्डीतला केतकीचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. सोफ्यासमोरच्या भिंतीवर, जिथे आपल्याकडे गणपती किंवा लग्नातला फोटो असतो, तिथे देवयानीचा मोठा फोटो होता. तिरकी ठेवलेली तबकडी, आणि तिच्या कडेकडेने कुंकवाचे शिंतोडे उडावेत तसे तांबडे ठिपके. ते ठिपके म्हणजे हायड्रोजनचे ढग. त्यांच्यात नवीन तारे जन्मतात आणि त्या ताऱ्यांच्या उष्णतेने ते पेटल्यासारखे चमकतात. फोटो सुंदर होता, आणि मी तसं मनापासून म्हटलं.

"हे सगळ्यांना माहीत असलेले ढग," केतकी कामावरून आल्यावर म्हणाली. "तुला यासाठी नाही बोलावलं."

मग तिने पोळ्या लाटता लाटता मला काचेची गोष्ट सांगितली. प्रत्येक वायू तापला की आपापल्या ठरलेल्या रंगात चमकतो. हायड्रोजन तांबड्या, प्राणवायू हिरवट निळ्या. हे लोक कॅमेऱ्यापुढे अशी एक काच लावतात, की जी त्या एकाच रंगाची बारीकशी चीर आत घेते आणि बाकी सगळा उजेड बाहेर ठेवते. लग्नाच्या गोंगाटात आपल्याला फक्त आपल्या मुलाचं रडणं ऐकू येतं, तसं काहीतरी. मला हे पटलं. पण याच काचेतून, प्राणवायूच्या रंगात, त्यांना देवयानीच्या कडेला एक फिकट डाग दिसत होता. दोन हिवाळे जमवलेल्या फोटोंची बेरीज केली की तो दिसायचा. आजवर कोणी तो नोंदवलेला त्यांना सापडला नव्हता.

"म्हणजे तुम्ही नवीन ढग शोधलात?" मी लाटणं तिच्या हातातून घेतलं.

"तेच कळत नाहीये. मला दिसतो. संजयला दिसतो. पण आम्हाला कुठे बघायचं ते माहीत आहे गं. आमच्याकडे कारखान्यात धाग्याचा रंग तपासतात ना, तेव्हा तपासणाऱ्याला कुठल्या मशीनचा धागा आहे ते सांगत नाहीत. सांगितलं की डोळा बिघडतो. मला तसा डोळा हवा होता. कोरा."

तर माझी लायकी ही होती. कोरा डोळा.

जेवण झाल्यावर तिने माझ्यापुढे काही कागद ठेवले आणि लाल पेन दिलं. कागदांवर आकाश होतं म्हणे, पण ते पांढरं होतं आणि तारे काळे. मी कागद उलटा करून पाहिला. "बरोबर आहे," केतकी म्हणाली, "मुद्दाम उलटे रंग केलेत. पांढऱ्यावर फिकट डाग लवकर कळतो." देवयानी कुठेच नव्हती. तिच्या आजूबाजूचे कोपरे तेवढे कापून छापलेत, असं मी समजले. "जिथे धूसर डाग वाटेल तिथे गोल कर. नाही वाटलं तर सोडून दे."

मला काही म्हणजे काही कळेना. एकेक कागद म्हणजे तीळ सांडलेला ओटा. मी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं, कागद लांब धरला, दिव्याजवळ नेला. थोडा वेळ बघत राहिलं की सगळीकडेच काहीतरी धूसर दिसायला लागतं. आणि हात माझा मास्तरणीचा. उभी हयात पेपर तपासण्यात गेली. उत्तर लिहायचा प्रयत्न दिसला की अर्धा गुण देऊन टाकायचा, भोपळा शक्यतो द्यायचा नाही, ही हाताला लागलेली सवय. शिवाय समोर केतकी बसलेली, नखं खात. मी प्रत्येक कागदावर एकेक गोल केला, काहींवर दोन केले, आणि मोठ्या समाधानाने गठ्ठा परत दिला.

केतकीने कागद चाळले. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"मावशी, यातल्या दोनच कागदांवर आमचा डाग आहे. बाकीचे भलत्याच दिशेच्या आकाशाचे आहेत. तिथे काहीच नाहीये."

"पण मला दिसलं ना."

"तू सगळीकडेच बघितलंस."

"मग त्या दोन्हींवर तरी बरोबर जागी केलाय का गोल?"

"केलायस. पण आता त्याचा उपयोग काय?"

मला आधी राग आला. पोरीच्या आनंदासाठी गोल केले तर तीच माझ्यावर उलटली! मग अंथरुणावर पडल्यावर लाज वाटली. आणि नंतर भलताच गोंधळ झाला. जे नव्हतं ते मला दिसलं होतं, मग जे होतं असं म्हणतात ते दिसलं त्याला काय म्हणायचं?

खानवेल

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही संजयने कारखान्यातल्या कुणाकडून तरी आणलेल्या व्हॅनमधून खानवेलला निघालो. शहराबाहेर पडताच रस्त्याच्या कडेला धूर दिसला आणि संजयने न विचारता गाडी थांबवली. उंबाडियू! मातीच्या मडक्यात पापडी, कंद, बटाटे भरून, पाला कोंबून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. माझं सासर अलिबागकडचं, त्यामुळे मी बघताक्षणी म्हटलं, "अरे, ही तर पोपटी." विकणाऱ्या बाईंना ते आवडलं नाही. पोपटी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आपल्या पदार्थाला दुसरं नाव दिलेलं कोणाला आवडेल? पाला मात्र वेगळा होता. आमच्या पोपटीत घालतात त्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास त्याला नव्हता, आणि सोबत हिरवी चटणी आणि ताक होतं. आमच्याकडे पोपटी म्हणजे रात्र जागवायचा घरगुती सोहळा. इथे दुकानासारखी वजनावर मिळते. मी पोट भरून खाल्लं आणि आदल्या दिवशीचा अपमान थोडा विसरले.

खाता खाता संजयने बातमी दिली. डाग सापडल्याचं त्याने दिवाळीत गावाकडे सांगितलं होतं.

"मायनं गावभर पेढे वाटी दिले ना मावशी! सरपंच आले होते घरी. म्हणे, आपल्या गावच्या पोरानं आकाशात काय शोधलं."

केतकीने ताकाचा पेला खाली ठेवला. तिला हे नवीन होतं. "संजय, अजून नक्की नाहीये. मी सांगितलं होतं तुला."

"नक्कीच आहे मॅडम. तुमाले दिसतो, माले दिसतो. मावशीले बी दिसला."

मी कंद सोलण्यात लक्ष घातलं.

खानवेलच्या पुढे, नदी ओलांडून, एका ओळखीच्यांच्या शेतातल्या घरासमोर अंगण आहे. भाताची कापणी होऊन गेलेली, चारी बाजूंना डोंगर आणि साग. मसाटच्या कारखान्यांचा उजेड इथे एका टेकडीमागे राहतो. दिवस मावळायच्या आत दोघांनी दुर्बीण उभी केली. संजयने वेल्डिंग केलेलं स्टँड इतकं भक्कम आहे, की त्यावर बैल बांधावा. मला एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली आणि हलू नको अशी ताकीद मिळाली.

इथे केतकीने मला खरी परीक्षा काय आहे ते सांगितलं. मागच्या अमावास्येपासून तिने कॅमेरा दुर्बिणीवर फिरवून बसवला होता, आडव्याचा उभा. आजची संध्याकाळ त्यातली शेवटची.

"चष्म्यावर डाग असेल आणि तू मान वळवलीस, तर डाग काय करतो?"

"माझ्याबरोबर येतो."

"आणि भिंतीवर असेल तर?"

"भिंतीवरच राहतो."

"हेच. ढग खरा असेल तर कॅमेरा कसाही फिरवला तरी तो त्याच ताऱ्यांच्या शेजारी राहील. आमच्याच काचेत कुठल्या तरी ठळक ताऱ्याची तिरीप उठत असेल, तर तो कॅमेऱ्याबरोबर सरकेल. नवे फोटो मी उघडलेलेच नाहीत. उघडले की मला दिसणार. माझा भरवसा नाही माझ्यावर."

इतकं सोपं मला आदल्या दिवशी का नाही सांगितलं, असं मी विचारणार होते. पण तेवढ्यात पलीकडच्या पाड्यावर लग्नाचा डीजे सुरू झाला. हिरवे, लाल, निळे झोत आमच्या अंगणावरून, दुर्बिणीवरून, माझ्या पांढऱ्या शालीवरून फिरायला लागले. मी कपाळाला हात लावला. संपली संध्याकाळ! पण दोघं निवांत.

"काही टेन्शन नही मावशी," संजय म्हणाला. "ते उजेड आपल्या काचेतून जातच नाही."

म्हणजे शंभर पावलांवरचा झगझगाट, ज्याने माझे डोळे दिपले होते, तो आत शिरत नाही, आणि पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला, कोणालाही न दिसणारा उजेड मात्र अलगद आत जातो. मला ते त्यांनी पुन्हा समजावलं. मान डोलावली खरी, पण डोक्यावरूनच गेलं.

थोड्या वेळाने लग्नघरातल्या दोघी बायका टॉर्च घेऊन आल्या. आपल्याकडे मांडवाशेजारून जाणाऱ्याला कोणी ओळखतही नाही. इथे अंधारात बसलेली अनोळखी माणसं उपाशी असतील, ही त्यांना काळजी.

"जेवाला चला ना. इथं अंधारात काय बसल्याव?"

केतकीने फोटोचं सांगितलं. त्यावर थोरली बाई एकदम खूश झाली. "मंग आमचा पन काढा. पोरीचा काढा, नवरीचा."

"या कॅमेऱ्यात माणूस येत नाही," केतकी अगदी ओशाळून म्हणाली.

बाईने दुर्बिणीभोवती एक फेरी मारली, वरून खालून पाहिलं. "एवढा मोठा, आन् मानूस येत नाय?" असं म्हणून तिने केतकीचा हात धरला, खराब वस्तू गळ्यात पडलेल्या गिऱ्हाइकाचा धरावा तसा, आणि मांडवात नेलं. तिथे केतकीने साध्या मोबाइलवर नवरीचे ढीगभर फोटो काढले. आम्ही भात, डाळ आणि झणझणीत कोंबडी खाल्ली. मी एरवी परक्या लग्नात पंगतीला बसणारी बाई नव्हे. इथे दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

परत येताना मी दुर्बिणीच्या पायाला अडखळले. बैल बांधण्याजोगं स्टँड, पण माझ्या एका लाथेने त्या वेळच्या फोटोतल्या सगळ्या ताऱ्यांच्या अळ्या झाल्या. "एक गेला," केतकी म्हणाली आणि हसली. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसली, म्हणून मला फारसं वाईट वाटलं नाही.

पुन्हा डोकमर्डी

रविवारी दुपारी परीक्षा झाली. या वेळी परीक्षार्थी कोण आणि परीक्षक कोण तेच मला कळत नव्हतं. फोटोंची बेरीज रात्रभर कंप्युटरने केली. केतकीच्या ऑफिसातल्या एका मुलीने जुने कागद, फिरवलेल्या कॅमेऱ्याचे नवे कागद आणि भलत्या आकाशाचे कागद एकत्र पिसून, मागे नुसते आकडे घालून आणून दिले होते. सगळे कागद उत्तर दिशा वर ठेवून छापलेले, त्यामुळे जुने कोणते आणि नवे कोणते ते दिसून कळणं शक्य नव्हतं. केतकी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. संजय टेबलाच्या पलीकडे बसला. त्याला तिथून उठवायला हवं होतं, पण ते कोणालाच सुचलं नाही.

मी मनाशी ठरवलं होतं, आज अर्धा गुण नाही. पहिल्या कागदावर काही दिसेना. भोपळा. दुसऱ्यावरही भोपळा. हात जड झाला, इतके भोपळे मी कधी दिले नव्हते. तिसऱ्या कागदावर डावीकडे वर, तीन ताऱ्यांच्या तिरक्या ओळीखाली, कागदावर ओलं बोट टेकवून उचलावं तसं काहीतरी होतं. मी डोळे मिटले, उघडले. होतंच. गोल केला. संजयने श्वास सोडला, मला ऐकू आला.

पुढच्या एका कागदावर तीच तीन ताऱ्यांची तिरकी ओळ आली. माझं पेन तिच्याखाली गेलं आणि संजय पुढे झुकला. त्याचे हात टेबलाच्या कडेवर घट्ट. मी वर पाहिलं नाही, पण मला सगळं कळलं. याच जागेवर त्याचं गाव, त्याची माय, सरपंच सगळे उभे होते. एक गोल करायचा, बस. कोणाचं काय जाणार होतं?

मी बघितलं. चष्मा पुसून बघितलं. कागद दूर धरला. तीन ताऱ्यांखाली नुसता पांढरा कागद होता. पण त्याच कागदावर पार उजवीकडे, खालच्या अंगाला, ते ओलं बोट होतं. मी खाली उजवीकडे गोल केला आणि तीन ताऱ्यांखालची जागा मोकळी सोडली.

"मावशी," संजय हळूच म्हणाला, "तिथे वर एकदा पुन्हा बघा ना."

मी पुन्हा बघितलं. खरंच बघितलं, त्याच्यासाठी. "नाही रे संजय. इथे काही नाही."

केतकी आली. तिने कागद पालथे करून आकडे जुळवले, मग जुना आणि नवा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरला. उन्हात दोन्ही लाल गोल दिसले, एकमेकांपासून लांब.

"सरकला," ती म्हणाली.

संजय उठून गॅलरीत गेला. त्याने फोन लावला. दार उघडंच होतं.

"माय, ते नही निघालं. ... नही माय, कोनी फसवलं नही. आमालेच दिसत होतं. ... हा. सरपंचाले मी सांगतो."

तो परत आत आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, रागाने नाही. "चहा ठेवू का मावशी?" असं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच चपला घालून खाली गेला, दूध आणायला. दूध घरात होतं.

केतकी स्वयंपाकघरात होती. नळ उघडा होता आणि सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं. मी नळ बंद केला.

"बरं झालं ना," ती म्हणाली. "नवा ढग म्हणून नोंदवायला पाठवलं असतं तर हसं झालं असतं."

"हो."

"जुना फोटो आहे ना तो, तो मी आत्ता परत उघडून बघितला. मला माहीत आहे आता. काचेतली तिरीप आहे ती. तरी मला तिथे ढगच दिसतो गं मावशी. कडा सुद्धा दिसतात." तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. "तुला नाही वाटत, थोडा तरी, ढगासारखा?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळ ठेवला. पण हो म्हटलं नाही.